दात नसलेल्यांसाठी फल्लीदाणे

आमच्या वऱ्हाडात शेंगदाण्यांना फल्लीदाणे म्हणतात. अम्माची उमर फल्ली फोडण्यात गेली. मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा हा तिचा दुपारचा फराळ. गेल्या वर्षी तिचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी रुचली नाही. चहात बुडवलेली पोळी सोडली तर खाणंच तुटलं. दाण्याचा कूट दिला, तर हिरड्यांना टोचतो म्हणाली.

अमरावतीहून लेकीचा फोन आला, "अब्बा, दादीसाठी पीनट बटरचा पाय करा. ओव्हन लागत नाही." मी अम्माला सांगितलं. ती म्हणाली, "पाये? बेटा, अब मेरे दांत कहां!" तिला बकऱ्याचे पाये वाटले. हा पाय म्हणजे खोलगट थाळीत थापलेला बिस्किटांचा थर आणि त्यावर सारण, हे समजावता समजावता चहा निवला.

पाव किलो दाणे आणले, तर अम्माने आधी सूप मागितलं. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे बाजूला केले. मी म्हटलं, भाजणारच आहोत ना? पण तिचंच बरोबर होतं. बुरशीमुळे दाण्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही.

निवडलेले दाणे मंद आचेवर भाजून, सालं पाखडून, कोमट असतानाच मिक्सरमध्ये फिरवायचे. आधी कूट होतो, मग गोळा. इथे हात पाण्याकडे जातो. पाणी घालू नये. दाण्याच्या वजनात जवळजवळ निम्मं तेल असतं. थांबत थांबत फिरवत राहिलं की ते सुटतं आणि गोळा ढिला होऊन वाहू लागतो. कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी अशा लगद्याचं पेटंट 1884 मध्ये घेतलं होतं.

त्यात पाव किलो चक्का, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. जिलेटिन घालायचं नाही. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं, आमच्याकडे नको आणि शेजारच्या शाकाहारी घरातही नको. तळाला 200 ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा, 100 ग्रॅम वितळलेल्या लोण्यात कालवून दाबलेला. वर 150 ग्रॅम चॉकलेट, दोन चमचे लोण्यासह गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून. त्यात पाण्याचा थेंब पडला की ते गुठळतं. मग फ्रीजमध्ये पाच तास.

भट्टीचं काम इथे थंडी करते. लोणी आणि कोकोची चरबी गारठून थर धरून ठेवतात. कोकोची चरबी साधारण 34 अंशांना वितळते, म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळतं. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. मी पहिला पाय मे महिन्यातच केला, वीज गेली आणि तो वाटीतून चमच्याने खावा लागला. आणखी एक, काहींना दाण्यांची जीवघेणी अ‍ॅलर्जी असते. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारून घ्यावं.

दुसरा पाय जमला. अम्माने वरचं सारण खाल्लं, बिस्किटांचा थर माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "इसमें गूड कहां है?"

पुढच्या खेपेला साखरेऐवजी किसलेला गूळ घातला. रंग मळका आला, सारण थोडं सैल झालं. अम्माने वाटी दोनदा पुढे केली.