उपाशीपोटी, पण गोळी घेऊन

शस्त्रक्रियेआधीची ‘तोंडाने काही घ्यायचं नाही’ ही सूचना पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या औषधांनाही सरसकट लावणं घातक ठरू शकतं. या आजारात मेंदूला डोपामिन पुरवणाऱ्या लेवोडोपा या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. मात्रा चुकत गेल्या की अंग ताठरतं, गिळणं बिघडतं, खोकल्याचा जोर कमी होतो आणि लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. क्वचित तीव्र तापासह जीवघेणा ताठरपणाही येतो. भुलीसाठी पोट रिकामं हवं, हा आक्षेप रास्तच. पोटातलं फुप्फुसात जाण्याची भीती या रुग्णांत जास्तच असते. पण प्रौढांना साधं पाणी सहसा भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि गोळीला एक घोट पुरतो. मग सलाइनमधून का देऊ नये? लेवोडोपा लहान आतड्यात शोषलं जातं आणि शिरेतून देण्याची सोय एरवीच्या रुग्णालयांत नसते. म्हणून लांबलेल्या शस्त्रक्रियेत ते नाकातल्या नळीतून देतात. आतडंच बंद असेल तर रोटिगोटिन या पर्यायी औषधाची त्वचेवरची पट्टी लावतात, मात्र तिने भ्रम होऊ शकतो.

उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि गोंधळलेल्या रुग्णाला शांत करणारं हॅलोपेरिडॉल मेंदूत डोपामिनचीच वाट अडवतात. ही दोन नावं ‘देऊ नये’ म्हणून केसपेपरवर आधीच ठळक लिहून घ्यावीत. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन बहुतेकांना चालतं. पार्किन्सन्सवरचंच अपोमॉर्फिन हे औषध सुरू असेल तर मात्र नाही.