कोरड्या पात्राचं गणित

उन्हाळ्यात नदी कोरडीठाक पडत असेल, तर तिचं संगणकी प्रारूप करून मिळतं काय, असं एका वाचकाने विचारलं आहे. जगातल्या नदी-ओढ्यांच्या एकूण लांबीपैकी ५१ ते ६० टक्के भाग वर्षातून निदान एक दिवस तरी वाहायचा थांबतो, हे २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. आपल्या सीना, येरळा, माणगंगा त्यातल्याच. प्रारूपांतली समीकरणं मात्र बरीचशी बारमाही नद्यांवर बेतलेली.

गाळाचंच बघा. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात नहाल यातिर नावाची नदी आहे. तिथे लारोन आणि रीड या संशोधकांनी पात्राच्या तळात खड्डे घेऊन पेट्या बसवल्या. पेटीच्या झाकणाला फट. पुरात घरंगळणारे गोटे त्या फटीतून आत पडत आणि पेटीखालच्या द्रवाने भरलेल्या उशीवरचा दाब वाढे. पूर चालू असतानाच गाळाचं वजन कळे. १९९३ साली त्यांनी जाहीर केलं की, तळाचा गाळ वाहून नेण्यात ही नदी बारमाही नद्यांपेक्षा ४०० पटींपर्यंत सरस आहे! बारमाही नदीत बारीक वाळू हळूहळू धुपून जाते, वर मोठ्या गोट्यांची फरसबंदी उरते आणि खालचा गाळ जागचा हलत नाही. यातिरचा पूर झटक्यात ओसरतो. फरसबंदी व्हायला सवडच नाही.

पोषकद्रव्यांची गोष्ट त्याहून सुरस आहे. केनियात एच. एफ. बर्च नावाचे संशोधक माती वाळवून पुन्हा भिजवत होते. माती जितकी जास्त वाळलेली, तितकी भिजल्यावर जिवाणूंची झुंबड मोठी आणि नत्र अधिक मोकळं होणार, असं त्यांनी १९५८ साली मांडलं. मृदाशास्त्रात हा ‘बर्च परिणाम’ प्रसिद्ध आहे. नद्यांची प्रारूपं करणाऱ्यांनीही बर्च मुळातून वाचावेत, असं मला फार वाटतं. कारण कोरडं पात्र नुसतं पडून नसतं. त्यात पाचोळा, शेण, सांडपाण्याचा साका साठत जातो आणि पहिल्या लोंढ्याबरोबर एकदम खाली येतो. २०१८ साली जगभरच्या २१२ कोरड्या पात्रांतला पाचोळा प्रयोगशाळेत भिजवला, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचाही असाच लोट निघाला.

दिवसाची सरासरी धरणाऱ्या प्रारूपात चार तासांचा पूर चोवीस तासांवर पसरतो आणि लोंढ्याचं टोकच हरवतं. म्हणून प्रवाहाचा आलेख हुबेहूब जुळला, एवढ्यावर मी भुलत नाही. पहिल्या पुराच्या पहिल्या तासात पाण्याचे किती नमुने घेतले होते, ते आधी सांगा.