वीज तोडली, तरी गुपित अबाधित

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एखादा कापड व्यापारी स्मार्ट कार्डाने आपली ओळख पटवतो, असे समजू. कार्डातील गुप्त संख्या यंत्राला कळत नाही. ती कार्डापाशी आहे, एवढीच त्याची खात्री पटते. यालाच शून्य-ज्ञान पुरावा म्हणतात. शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये ही संकल्पना मांडली.

अशा पुराव्याच्या एका परिचित प्रकारात कार्ड प्रथम एक यादृच्छिक संख्या निवडते आणि जणू मोहोरबंद पाकिटात घालून यंत्राला देते. यंत्र प्रश्न म्हणून दुसरी संख्या पाठवते. कार्ड प्रश्नाला गुपिताने गुणते, त्यात यादृच्छिक संख्या मिळवते व उत्तर देते. गुपित ७, यादृच्छिक संख्या २० आणि प्रश्न ३ असेल, तर उत्तर ४१. केवळ ४१ वरून ७ ओळखता येत नाही. प्रत्यक्षात या संख्या अतिप्रचंड असतात.

मात्र अशा कार्डाला वीज यंत्राकडूनच मिळते. लबाड यंत्राने ती तोडून पुन्हा जोडली आणि कार्ड पूर्वस्थितीला गेले, तर ते पुन्हा २० हीच संख्या निवडू शकते. आता प्रश्न ५ विचारला की उत्तर ५५ येते. उत्तरांतील फरक १४, प्रश्नांतील फरक २, भागाकार ७. गुपित फुटले!

हा धोका केवळ कागदावरचा नाही. सोनीच्या प्लेस्टेशन-३ यंत्रणेत डिजिटल स्वाक्षरीसाठी एकच यादृच्छिक संख्या पुनःपुन्हा वापरली जात होती. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत संशोधकांनी याच जातीच्या गणिताने तिची गुप्त किल्ली निघते, हे दाखवून दिले.

यावरील उपाय २००० मध्येच रॅन कॅनेटी, ओडेड गोल्डराइख, गोल्डवासर आणि मिकाली यांनी सुचवला होता. त्याचे मर्म असे : यंत्राने आपला प्रश्न आधीच मोहोरबंद करून द्यायचा. कार्ड त्या पाकिटावरूनच, स्वतःच्या वेगळ्या गुप्त किल्लीच्या साह्याने, यादृच्छिक भासणारी संख्या तयार करते. प्रश्न बदलायचा तर पाकीट बदलावे लागते, आणि पाकीट बदलले की संख्याही बदलते. जुनेच पाकीट दिले, तर जुनेच उत्तर मिळते. नवी माहिती काहीच हाती लागत नाही.

हे केवळ कार्डापुरते नाही. सर्व्हरवरील आभासी संगणकही जतन केलेल्या जुन्या अवस्थेतून पुन्हा सुरू करता येतो, आणि तेथेही तीच यादृच्छिक संख्या परत येऊ शकते. म्हणून कुलूप कितीही भक्कम असले, तरी वीज गेल्यावर ते कसे वागते, हेही तपासावे लागते.