मऊ तार आधी

अँजिओप्लास्टीची संमती घ्यायला नातेवाइकांसमोर बसलो की पहिला प्रश्न ठरलेला. “स्टेंट कुठल्या कंपनीचा टाकणार, डॉक्टर?” दुसरा, “इंपोर्टेड की आपला?” आणि तिसरा खर्चाचा. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हापासून तिसऱ्या प्रश्नाची धार जरा बोथट झाली. पहिले दोन कायम आहेत. पण तार कुठली वापरणार, हे आजवर मला एकाही नातेवाइकाने विचारलेले नाही.

यात त्यांची चूक नाही. स्टेंट शरीरात राहतो, बिलात दिसतो, त्याचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेले असते. तार काम झाले की बाहेर येते आणि बादलीत जाते. मात्र कॅथलॅबमध्ये एखादी केस अडली, की सगळे बोलणे तारेबद्दलच चालते. ‘वायर गेली का?’, ‘वायर बदल’, ‘मागचं टोक धर’. फुगा असो, स्टेंट असो, हृदयाच्या धमनीत जे काही जायचे ते तारेवरूनच जाते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे काम जांघेतून मनगटावर आले आणि तारेची निवड आणखी नाजूक झाली. त्या निवडीचा हा आढावा.

पडद्याची स्प्रिंग

पूर्वी घरोघरी खिडकीचा पडदा एका लवचिक स्प्रिंगवर ओवलेला असे. बारीक वेटोळ्यांची स्प्रिंग, तिच्यावर पांढरे प्लास्टिकचे आवरण, दोन टोकांना दोन हुक. ती स्प्रिंग खूप बारीक करा आणि तिच्या पोटात टोकाकडे निमुळती होत जाणारी एक धातूची तार घाला, म्हणजे गाइडवायर कशी असते याची बरीचशी कल्पना येईल. पडदा स्प्रिंगवरून सरकतो तसे कॅथेटर, म्हणजे धमनीत घालायची नळी, तारेवरून सरकते.

या युक्तीचे श्रेय स्वीडनचे क्ष-किरणतज्ज्ञ स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांचे. त्याआधी धमनीत नळी घालायची तर बहुधा कापून धमनी उघडी करावी लागे. १९५३मध्ये सेल्डिंगर यांनी सोपी रीत मांडली. सुई टोचायची, सुईतून तार सारायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. आजही रोज आम्ही हेच करतो. पुढे अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी १९६४मध्ये पायाची चोंदलेली धमनी नळीनेच रुंद करून दाखवली. हे गृहस्थ तारा बनवण्यासाठी गिटारच्या तारा आणि मोटारीच्या स्पीडोमीटरची केबलही वापरून बघत.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. त्या फुग्याच्या टोकाला तारेचा एक आखूड तुकडा पक्का जोडलेला होता. तो ज्या फांदीत शिरेल तिथे फुगा जाणार, वळवायची सोय फारशी नाही. १९८२मध्ये जॉन सिम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तार फुग्यापासून सुटी केली. आधी तार पुढे न्यायची, हवी तशी वळवायची आणि मग तिच्यावरून फुगा सोडायचा. डॉक्टरला तार निवडायची मुभा मिळाली ती तेव्हापासून.

मनगटाची वाट त्याहून उशिरा रुळली. स्टिग राडनर यांनी १९४८मध्येच मनगटाची धमनी उघडून प्रयत्न केला होता, पण तेव्हाच्या नळ्या जाड होत्या. १९८९मध्ये माँट्रियलचे ल्युसियँ काँपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर अँजिओग्राफींचा अनुभव प्रसिद्ध केला. १९९२मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. २०११च्या ‘रायव्हल’ अभ्यासात ७,०२१ रुग्ण होते. मनगट आणि जांघ यांच्या मुख्य निकालात फरक दिसला नाही, पण टोचल्या जागी मोठी गाठ येण्याचे प्रमाण जांघेत ३ टक्के, तर मनगटात १.२ टक्के निघाले. २०१५च्या ‘मॅट्रिक्स’मध्ये ८,४०४ रुग्ण होते आणि तिथेही पारडे मनगटाच्या बाजूने झुकले. आता युरोपच्या आणि अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती मनगटाला आहे.

मनगट ते कोपर

वैद्य जिच्यावर बोटे ठेवून नाडी बघतो तीच ही धमनी. जाडी साधारण दोन ते तीन मिलिमीटर. तिच्यात आम्ही बसवतो ती सहा फ्रेंच मापाची शीथ (तारा-नळ्या आत न्यायची आखूड नळी) बाहेरून सुमारे अडीच मिलिमीटरची, म्हणजे जागा अगदी बेताची. शिवाय ही धमनी लाजाळूच्या झाडासारखी आहे. टोचली, घासली, रुग्ण घाबरला की आखडते. म्हणून शीथ बसताच नायट्रोग्लिसरीन किंवा व्हेरापामिल देतो, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतो आणि मग पहिली मोठी तार हातात घेतो.

ही तार ०.०३५ इंचाची, म्हणजे ०.८९ मिलिमीटर जाडीची. हिच्यात मुख्यतः दोन जाती. पहिली साधी, वर टेफ्लॉनचा थर असलेली, टोकाशी इंग्रजी ‘जे’सारखी वळलेली. हे वळण सहसा तीन मिलिमीटर त्रिज्येचे असते. जांघेतल्या रुंद धमनीत ते छान उघडते, पुढे वळणाची पाठ असल्याने भिंतीला टोचत नाही. मनगटाच्या धमनीत मात्र ते मावत नाही, सरळ होते आणि टोक अडते.

दुसरी जात पाणी धरणाऱ्या लेपाची. ओली केली की नदीच्या घाटावरच्या शेवाळलेल्या पायरीसारखी निसरडी, वाळली की चिकट. म्हणून तिला ओल्या गॉझने सतत पुसत राहावे लागते. धातूच्या सुईतून ती मागे ओढायची नाही, सुईच्या धारेने लेप खरवडून निघतो. ही तार वळणावळणाच्या धमनीतून सरसर जाते, आणि तिचा धोकाही तोच. ती कुठेही जाते. बारीक फांदीत शिरली तरी हाताला कळत नाही.

शिकाऊ असताना मी हा धडा घेतला. तार छान पुढे जात होती म्हणून कोपरापर्यंत क्ष-किरणांच्या पडद्यावर न बघताच ढकलली. रुग्ण एकदाच ‘आई गं’ म्हणाला. मी पुढे गेलो. तासाभराने त्याचा कोपराखालचा हात टणक झाला होता. फांदी फाटून आत रक्त साचत होते. रक्तदाबाचा पट्टा त्या जागी बांधून, फुगवून, पुन्हा सैल करून, दर थोड्या वेळाने बोटांचा रंग बघत मी रात्र काढली. हात वाचला. दाब वाढत गेला असता तर शल्यविशारदाला हात उघडावा लागला असता.

या दोन जातींच्या मधली एक तार मनगटासाठी मला फार आवडते. लेप निसरडा, पण टोकाचे वळण फक्त दीड मिलिमीटरचे, म्हणून तिला ‘बेबी जे’ म्हणतात. वळण इतके लहान की धमनीत मावते आणि इतके मोठे की बारीक फांदीच्या तोंडात शिरत नाही. अर्ध्या अधिक अडचणी या छोट्याशा वाकामुळे टळतात.

उरलेल्या अडचणी निसर्गाच्या. ब्रिटनमध्ये १,५४० रुग्णांच्या हाताच्या धमन्या तपासल्या गेल्या. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळजवळ १४ टक्क्यांत काही ना काही वेगळेपण निघाले, आणि २.३ टक्क्यांत धमनीने पुरते वेटोळे घेतलेले होते. अशीच एक साठीची, शरीराने बारीक आजी आठवते. तार कोपराखाली थबकली आणि आजी म्हणाल्या, “डाक्टर, इथं कळ आली.” हात थांबवला. थोडे रंगद्रव्य सोडून बघितले तर धमनी गोल फिरून परत खाली आलेली, आणि तार त्या वेटोळ्याच्या माथ्यावरून निघणाऱ्या कोवळ्या फांदीत. ती मागे घेतली आणि हृदयासाठी वापरतो ती ०.०१४ इंचाची मऊ तार मागवली. ती वेटोळ्यातून हळूहळू फिरून वर गेली. मग कॅथेटर आणि तार मिळून जरासे मागे ओढले, तसे गाठ सुटलेल्या नाड्यासारखे वेटोळे सरळ झाले.

अशा जागी तार गेली तरी कॅथेटर अडू शकते, कारण बारीक तारेभोवती त्याच्या तोंडाची कडा उघडी राहते आणि वस्तऱ्यासारखी भिंत खरवडते. अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सुटसुटीत तोड काढली. एक छोटा फुगा कॅथेटरच्या तोंडातून अर्धा बाहेर काढून हलका फुगवायचा. कडा झाकली जाते, टोक निमुळते होते आणि कॅथेटर फुग्यासकट सरकते. ही रीत आता जगभर वापरतात.

खांद्याचा घाट

दंडातून तार निर्धास्त जाते. पुढे खांद्याजवळ, विशेषतः उतारवयातल्या आणि जुन्या रक्तदाबाच्या रुग्णांत, धमनी नागमोडी झालेली असते. तार मानेकडे तरी वळते किंवा महाधमनीत शिरून खाली पोटाकडे निघून जाते. आपल्याला हवे असते हृदयाकडे. इथे तार बदलण्याआधी रुग्णाला सांगायचे, “मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.” छातीचा पडदा खाली जातो, वळणे ताणली जातात, कोन उघडतो आणि तीच तार अलगद योग्य वाटेला लागते. या उपायाला पैसे पडत नाहीत. एकदा अवघड वाट सर झाली की ती सोडायची नाही. तिथे २६० सेंटिमीटरची लांब तार ठेवायची आणि कॅथेटरची अदलाबदल तिच्यावरूनच करायची.

गुंजभर वजन

हृदयाच्या धमनीतली तार ०.०१४ इंचाची, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जाड. पोटात पोलादाचा किंवा नायटिनॉलचा गाभा. पोलाद बोटांची फिरकी टोकापर्यंत चांगली पोचवते आणि पाठीला आधार देते, पण एकदा वाकले की वाकलेलेच राहते. नायटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि नावातली शेवटची अक्षरे त्या प्रयोगशाळेचीच आहेत. तो वाकवला तरी मूळ आकारात येतो. गाभ्यावर टोकाशी बारीक वेटोळी, आणि शेवटचे काही सेंटिमीटर क्ष-किरणांत ठळक दिसावेत म्हणून प्लॅटिनमसारखा जड धातू. वर लेप.

निवडीत सर्वांत बोलका आकडा असतो टोकाच्या भाराचा. टोक टेकवून किती वजन दिले की ते वाकते, ते ग्रॅममध्ये मोजतात. रोजच्या तारांचा हा भार अर्धा ते एक ग्रॅम. सोनाराच्या हिशेबात सांगायचे तर चार ते आठ गुंजा. एवढ्याशा रेट्याने जी वाकते ती धमनीची भिंत सहसा भोसकत नाही. ‘सिऑन ब्लू’, ‘रनथ्रू’, ‘बीएमडब्ल्यू’ ही नावे भारतातल्या बहुतेक कॅथलॅबच्या कपाटांत सापडतील. बहुतेक केसेस अशा साध्या तारेनेच पार पडतात.

जिथे अडते तिथे दोन वाटा. वळण फार असेल तर प्लास्टिकचे गुळगुळीत आवरण असलेली तार. ती जाते, पण बोटांना खबर देत नाही. नकळत बारीक फांदीच्या शेवटी जाऊन भोक पाडू शकते, मग हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचते. म्हणून तिने वाट काढली की तिला बाहेर घेऊन त्याच वाटेवर साधी तार बसवायची. दुसरी वाट कडक टोकाची. महिनोन्‌महिने पूर्ण बंद असलेल्या धमनीसाठी तीन, सहा, नऊ, बारा ग्रॅमच्या तारा आहेत. काहींचे टोक ०.००९ इंचापर्यंत निमुळते, म्हणजे तेवढाच भार सुईच्या अग्रावर. या तारा त्या कामात मुरलेल्या हातांतच शोभतात, आणि तिथेही चढत्या क्रमाने.

मनगटाचा एक खास मुद्दा इथे पुन्हा येतो. उजव्या मनगटातून आलेल्या कॅथेटरला महाधमनीत पाठ टेकायला कमी जागा मिळते. चुन्यासारख्या कडक अडथळ्यावर स्टेंट रेटला की कॅथेटरच मागे सरकते. अशा वेळी कडक टोकाचा मोह होतो. पण हवा असतो तो पाठीचा आधार, टोकाचा कडकपणा नव्हे. म्हणून टोक मऊच, गाभा दणकट अशी तार घ्यायची, किंवा पहिल्या तारेशेजारी दुसरी मऊ तार टाकायची. तिला आम्ही ‘बडी वायर’ म्हणतो. दोघी मिळून वाट सरळ धरतात.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांत अँजिओप्लास्टीचे पॅकेज ठरलेले असते. त्यात उघडलेले तारेचे प्रत्येक पाकीट मोजले जाते. तेव्हा पहिली तार नीट निवडणे हा नुसता कौशल्याचा प्रश्न नाही, हिशेबाचाही आहे. माझा स्वतःचा नियम साधा आहे. काम होईल अशी सर्वांत मऊ तार आधी, आणि ती हरल्यावाचून तिच्याहून कडक नाही. अडली तर कडक तार मागण्याआधी चित्र बघायचे.

वाचकांना दोन विनंत्या. प्रक्रियेच्या वेळी तुम्ही जागे असता. हातात कळ आली तर ‘सोसू थोडं’ म्हणून गप्प राहू नका, तिथल्या तिथे सांगा. तार चुकली हे पडद्याआधी तुमच्या हाताला कळते. आणि घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर कुठला हात वापरला, धमनीत वेटोळे किंवा अडचण सापडली का आणि ती कशाने पार झाली, हे लिहून घ्या. पुढच्या वेळी तुमच्यासमोर बसणारा डॉक्टर कदाचित दुसरा असेल.