घरांतील कॉकपिट

लढाऊ विमानाचें कॉकपिट घरींच हुबेहूब उभारण्याचा छंद इंग्लंडांतील कित्येक हौशी मंडळींना आहे. प्लायवुडचा सांगाडा, कागदावर छापून कांचेखालीं बसविलेल्या तबकड्या आणि आपली हालचाल संगणकास कळविणारा दांडा, एवढ्यांत बरेंचसें काम भागतें. खरी कसोटी असते ती आसनाची.

कारण हें आसन नुसतें बसण्याचें नव्हे. विमान वांचण्याची आशा संपली, म्हणजे वैमानिकासह बाहेर फेंकलें जाणें, हें त्याचें कार्य. २४ जुलै १९४६ रोजीं बर्नार्ड लिंच हे ताशीं ३२० मैल वेगानें जाणाऱ्या ग्लॉस्टर मीटिअर विमानांतून अशाच आसनासह बाहेर पडले व सुखरूप उतरले. त्या काळच्या आसनांत डोक्यावरील मूठ ओढली, कीं तोंडावर कापडी पडदा येई आणि नळींतील काडतुसांचा बार आसनाला वर उडवी.

म्हणूनच जुनें खरें आसन विकत आणण्याचा मोह धोक्याचा आहे. त्यांत एखादें काडतूस राहून गेलें असेल व तें घरांत उडालें, तर बसलेला माणूस छतावर आदळेल. जाणते कारागीर तें लांकडाचेंच घडवितात. मूठ पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनीं रंगवितात. ती ओढली तर खटका तेवढा वाजतो. बाकी सारें खऱ्यासारखें साधावें. येथें मात्र नक्कलच बरी.