परीक्षा मुलांची, जागरण आईचे

ओझरच्या ज्या घरात दोन मुले दोन वेगवेगळ्या बोर्डांच्या शाळांत जातात, तिथे एप्रिलमध्ये शालेय वर्ष संपत आहे की सुरू होत आहे, हे आईलाही पटकन सांगता येत नाही. थोरला सीबीएसईला. त्याचे नवे वर्ष १ एप्रिललाच सुरू झालेले, नव्या पुस्तकांना कव्हर घालायची बाकी. धाकटी राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीला, तिची वार्षिक परीक्षा अजून व्हायची. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी राज्यभर ८ ते २५ एप्रिल असे वेळापत्रक ठरले आणि निकाल १ मेला. त्यातच २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला ‘ढकलगाडी’ राहिलेली नाही. नापास झाल्यास फेरपरीक्षा आहे, पण ‘नापास’ हा शब्द घरात परत आला आहे.

ओझरमध्ये या गर्दीला आणखी दोन गोष्टी येऊन मिळतात. १९६४ पासून मिग विमानांमुळे ओळखल्या जाणाऱ्या इथल्या कारखान्यात मार्चअखेरची धांदल असते. कारखान्याच्या कुंपणाबाहेर निफाड तालुक्यातली द्राक्षे उतरत असतात आणि पाठोपाठ उन्हाळ कांदा काढणीला येतो. वडील नोकरीत असोत वा शेतात, नेमके याच दिवसांत ते घरी उशिरा येतात. ‘तोंडी’ची तयारी, प्रकल्पाची वही, संपलेला डिंक, व्हॅनवाल्या काकांचे पैसे आणि उन्हाने आलेला ताप हे सगळे मग आईकडे येते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८, असे आढळले. आकडा वर्षभराचा आहे. एप्रिलचा वेगळा काढला असता तर काय दिसले असते, हे कोणत्याही आईला विचारावे.

शाळेची वेळ हाही एक मजेशीर विषय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले, कारण मुलांची झोप. मार्च २०२५ मध्ये उन्हामुळे प्राथमिक शाळा सात ते सव्वाअकरा आणि माध्यमिक सात ते पावणेबारा ठेवण्याची सूचना आली. दोन्ही निर्णयांमागचे कारण मुलांच्या आरोग्याचे आणि योग्यच. पण सातची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातला दिवा पाचला लागणार. रात्री उजळणी संपून भांडी आवरेपर्यंत साडेअकरा. मधे उरतात साडेपाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. मुलाला दुपारी झोपवता येते. आई त्या वेळात कपडे वाळत घालते.

‘मला सवय झाली आहे’ हे वाक्य इथे हमखास ऐकू येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिले. शेवटी त्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतका घसरला होता. त्या मानाने त्यांना स्वतःला झोप आल्यासारखे फारसे वाटत नव्हते. म्हणजे सवय झोपाळूपणा न जाणवण्याची होते, मेंदूची घसरण चालूच राहते. दूध उतू जाणे, तिसऱ्यांदा तेच गणित समजावताना आवाज चढणे आणि महामार्गावर दुचाकी चालवताना क्षणभर डोळा लागणे, या एकाच रांगेतल्या गोष्टी आहेत. शेवटची जीवावर बेतते.

ताणाचा शरीरावरचा परिणाम अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात चक्क जखम करून मोजला गेला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली. एकदा उन्हाळी सुटीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. हे १९९८ चे. त्याआधी १९९५ मध्ये याच गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांना सांभाळणाऱ्या १३ स्त्रिया निवडल्या. त्यांच्या हातावरची तेवढीच जखम भरायला सुमारे ४९ दिवस लागले, तर त्याच वयाच्या इतर स्त्रियांना ३९. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि पाचवीची परीक्षा यांची बरोबरी नाही, एप्रिल तीन आठवड्यांत संपतो. पण परीक्षा देणाऱ्याइतकेच सांभाळणाऱ्याचे शरीरही ताणाचा हिशेब ठेवते, एवढे यातून दिसते.

निकालानंतरची डोकेदुखी अनेकींना कोड्यात टाकते. ‘सगळे पार पडले आणि आता का?’ अर्धशिशीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवून २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले, की ताण ओसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत झटक्याची शक्यता जवळजवळ पाचपट होते. ताणात वाढलेले कॉर्टिसॉल वेदना दाबून ठेवते आणि ते उतरले की दुखणे वर येते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून निकालाच्या दिवशी जेवण चुकवू नये आणि दुसऱ्या दिवशी उठण्याची वेळ एकदम दहावर नेऊ नये. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त घेतली गेली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. अचानक आलेली आजवरची सर्वांत तीव्र डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, बोबडी वळणे किंवा हातपाय लुळा पडणे हे मात्र ताणाचे नाही. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

उपाय साधे आहेत, आणि त्यातले बरेचसे आईने एकटीने करायचे नाहीत. उजळणी साडेनऊला थांबवावी. मुलाने झोपेआधी वाचलेले झोपेतच पक्के होते, त्यामुळे अकरापर्यंत बसवून मिळते ते थोडे आणि जाते ते जास्त. सकाळचा डबा आठवड्यातून तीन दिवस वडिलांनी भरावा. पोळ्या जमत नसतील तर पोहे जमतात. दुपारी वीस मिनिटे आडवे व्हावे, तासभर नको, नाहीतर रात्रीची झोप उडते. रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती धांदलीत चुकता कामा नये. मन फारच खचले, रडू आवरत नसेल, तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. तो मुलांसाठी आहे तसा पालकांसाठीही आहे.

आणि सगळा थकवा परीक्षेच्या नावावर घालू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. जिना चढताना धाप, धडधड, पाय ओढल्यासारखे वाटणे हे मेच्या मध्यावरही राहिले, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा. मुले मामाच्या गावाला गेलेली असतात, तेव्हा सकाळी वेळ काढता येतो.