बाराव्या आवृत्तीचं बारावं

१४ नोव्हेंबर २०२४ ला पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या बाराव्या आवृत्तीची मुदत संपली. १२.२१ हा तिचा शेवटचा दुरुस्ती-संच ठरल्याप्रमाणे निघाला आणि विषय मिटला. पण आठवड्याने, २१ तारखेला, १२.२२ हजर! बारावं व्हायच्या आतच बारावी आवृत्ती उठून बसली.

पोस्टग्रेस (रोजच्या बोलण्यातलं नाव हेच) १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला सुरू झालं. आज त्यावर कुणा एका कंपनीची मालकी नाही. दरवर्षी एक मोठी आवृत्ती येते, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात आणि मग हात आखडता घेतला जातो. एकच चूक एकाच वेळी पाच-सहा आवृत्त्यांमध्ये जाऊन निस्तरायची म्हणजे काय, हे ते काम करणाऱ्यालाच विचारावं.

खरा गुंता असतो तो एक्स्टेंशनांचा, म्हणजे वरून जोडायच्या भागांचा. नकाशे साठवायचे तर पोस्टजीआयएस, वेळेनुसार येणाऱ्या नोंदी ठेवायच्या तर टाइमस्केलडीबी. ही जोडणी लिहिणारी माणसं वेगळी, त्यांचं वेळापत्रक वेगळं, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी ती नव्याने कंपाइल करावी लागते. नोव्हेंबरचा तो संच मोठी आवृत्ती नव्हता, तरी त्यात सर्व्हरच्या आतली एक रचना काही बाइटांनी मोठी झाली होती. कारण काय, तर फक्त हो किंवा नाही एवढंच सांगणारं एक चिमुकलं खातं शेवटी जोडलं गेलं. जुन्या मापाने शिवलेला सदरा नव्या अंगाला बसेना. टाइमस्केलडीबीसारखी आधी कंपाइल केलेली एक्स्टेंशनं अडचणीत आली. शिवाय एका सुरक्षा-दुरुस्तीने ‘ऑल्टर रोल’ या आज्ञेची एक सोयही बिघडवली होती. घोळ शेवटच्या संचातच झालेला, तेव्हा मुदतीकडे बोट दाखवून बाराव्या आवृत्तीला तसंच सोडणं बरं दिसलं नसतं. तिच्यासाठीही दुरुस्ती निघाली.

हा अपवाद. एरवी माणसं जुन्या आवृत्तीवर अडकतात ती बहुतेकदा एक्स्टेंशनमुळेच. पोस्टजीआयएसच्या दुसऱ्या पिढीत फाइलच्या नावातच २.४, २.५ असा आकडा असे. आवृत्ती बदलून देणारं पीजी_अपग्रेड नव्या सर्व्हरवर नेमकी त्याच नावाची फाइल शोधायचं आणि ती नसली की तिथेच थांबायचं. २०१९ मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा नावात फक्त ३ ठेवला गेला. एवढ्याशा बदलाने किती रात्री वाचल्या असतील!

मुदत संपल्यावर मागे काय उरतं? सुरक्षेच्या दुरुस्त्या तर नाहीच. त्या हव्या असतील तर पैसे घेऊन आधार देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि क्लाउडवाले त्याचं वेगळं बिल लावतात. पण २०२१ च्या अखेरीस पोस्टग्रेस घडवणाऱ्या मंडळींनी एक ठरवलं, आणि मला तरी ते त्या पाच वर्षांइतकंच मोलाचं वाटतं. ९.२ ही २०१२ ची आवृत्ती. तिथपासूनच्या सगळ्या मेलेल्या आवृत्त्या आजच्या कंपायलरवर बांधता येतील, इतपत त्यांची डागडुजी करायची. त्यातल्या चुका सुधारायच्या नाहीत, त्या नुसत्या उभ्या राहतील एवढंच बघायचं. कारण पीजी_डंप या साधनाला जुन्या सर्व्हरमधला डेटा खरोखर बाहेर काढता येतो का, हे तपासायला तो जुना सर्व्हर चालू तर व्हायला हवा. राहत्या माणसाला सोयी द्यायच्या नाहीत, पण निघणाऱ्याची वाट बुजू द्यायची नाही, असा हा हिशोब आहे.

म्हणून जुन्यातून निघताना डंप नेहमी नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने घ्यावा, जुन्याच्या नव्हे. पंधराव्या आवृत्तीपासून पुढचं पीजी_डंप ९.२ च्या मागचं काही वाचत नाही. त्यामुळे कुणी अजून ८.४ वर बसला असेल तर त्याला आधी चौदावी गाठावी लागेल, तिला ८.० पासूनचं वाचता येतं. चौदावीची स्वतःची मुदत नोव्हेंबर २०२६ ला संपते.